तेवढं एक खोटं

मु. मोहपाडा, ता. सुरगाणा
शिमग्याच्या आधीचा रविवार, २००२

प्रिय मैना,

वर एक खोडलेली ओळ दिसेल. तिथं मी सवयीनं 'विषय :' असं लिहून बसलो होतो. तहसीलदार, रेंजर आणि प्रांतसाहेब यांना निवेदनं लिहिण्यात जन्म गेला, त्यामुळं कोरा कागद पुढं आला की हात आपला आधी विषय लिहितो आणि मग 'महोदय'. महोदय लिहायच्या आत सावरलो, एवढंच. विषय खोडला आहे, पण तो आहे. शेवटी येईल. हे पत्र टपालानं पाठवत नाही, जीपवाल्या सुनीलच्या हाती देतो. तू म्हणशील, बा, आता कोण फोडतंय तुमची पत्रं! पण कोणी फोडत नाही हे तरी कोणी सांगावं? सुनीलचाही भरवसा नको म्हणून पाकीट भाताच्या खळीनं चिकटवणार आहे. मिळालं की आधी कडा बघ, मग वाच. आणि हसू नकोस.

तुझं पत्र पोचलं, त्याला दोन महिने झाले. धुळवड झाली की लगेच येणारा ईस्टरचा रविवार, त्या दिवशी तुझा स्नानसंस्कार, म्हणजे तू पुरती कॅथलिक होणार. आणि त्याआधी उपास आहेत म्हणून यंदा तू होळीला घरी येणार नाहीस. तुझ्या आईनं दोन्ही बातम्या ऐकल्या आणि दुसरीवरच रडली. पहिलीवर तिनं एवढंच विचारलं, "पाणी डोक्यावरच घालतात ना? मंग केस पुसायला काय नेणार हाय ती?" तिचं सोपं आहे. माझं तसं नाही. तुझं पत्र आल्यापासून माझ्या डोक्यात एकच घोळतं आहे. हे लोक तुला काय देणार ते तू चार पानं भरून लिहिलंस. त्या दिवशी तुझ्यातलं काय काय काढून घेणार, ते मात्र कुठंच लिहिलेलं नाही. मला ते कळल्याशिवाय झोप नाही.

ही शंकेखोरी माझी नाही, लहानूची. तू त्याला काका म्हणायचीस आणि मी त्याला गुरू मानायचो. आपल्या भागात लाल बावटा आणला तो त्यानं. डोंगरात कोणी फुकट काही घेऊन आला, तर येतानाची पिशवी बघू नका, जातानाची बघा, असं तो सांगायचा. मिठाचा व्यापारी आला, जाताना मोह घेऊन गेला. ठेकेदार आला, साग घेऊन गेला. फॉरेस्टवाले रोपं लावायला आले आणि आपली नागलीची वरकस जमीनच घेऊन बसले. त्या जमिनीसाठी तर आपण इतकी वर्षं भांडतो आहोत. असं शिकलेला माणूस, पोरगी धर्म बदलते म्हटल्यावर पहिलं काय करील? पिशव्या तपासत फिरेल. तेच मी केलं.

माघात मोर्चाला नाशिकला आलो होतो, तेव्हा संध्याकाळच्या जीपनं परत जातो असं सांगून तुझा निरोप घेतला. गेलो नाही. पंचवटीत एका कॉम्रेडकडं राहिलो आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, तुझ्या त्या चर्चच्या समोर चहाच्या गाडीपाशी उभा राहिलो. मला पोरगा शोधायचा होता. पोरी पोरग्यासाठी धर्म बदलतात, असं आमच्या तालुका कमिटीचं ठाम मत आहे. तू दोन नर्स आणि मिशनमधली एक म्हातारी सिस्टर यांच्याबरोबर आलीस. आत जाताना एक उंच पोरगा तुझ्याशी हसून बोलला. सापडला, म्हटलं! सगळं संपल्यावर मी त्याच्या मागं मागं भाजी बाजारापर्यंत गेलो. त्यानं मेथीच्या दोन जुड्या घेतल्या, घासाघीस करून कोथिंबीर फुकट मागून घेतली आणि एका बाईच्या हवाली केली. तिच्या कडेवर एक मूल आणि पदराला दुसरं. चौकशी केली तर तो तुमचा पेटी वाजवणारा निघाला. इतका ओशाळलो की मीही मेथी घेतली. तुझ्या आईला अजून कळलेलं नाही की नाशिकहून मेथी का आणली.

पण त्या दिवशी उघड्या दारातून एक दिसलं, ते सांगतो. आदल्या दिवशी कलेक्टर कचेरीपुढं घोषणा देताना जिच्या गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या, चपलेचा अंगठा तुटला तरी जी अनवाणी पुढच्या रांगेत चालत होती, ती माझी पोर गुडघ्यावर बसलेली होती. मला ते बघवलं नाही. तू चालायला लागलीस तेव्हापासून मी तुला एकच शिकवलं, कोणापुढं गुडघे टेकायचे नाहीत. तू पत्रात लिहितेस की ज्याच्यापुढं गुडघे टेकले, तो सुताराचा पोरगा होता, सरकारनं मारलेला. त्याच्यापुढं टेकले म्हणून तर रेंजरपुढं टेकायची भीती गेली. वाक्य चांगलं आहे. पत्रकात शोभलं असतं. पण चांगल्या वाक्यांवर मी लगेच विश्वास ठेवत नाही, मी स्वतः ती पुष्कळ लिहिली आहेत.

पोरगा नाही, मग नोकरी असेल, असं धरलं. तर तू सिव्हिलमधली सरकारी नर्स, पगार सरकारचा, खोली भाड्याची. मिशनचा एक पेला पाणीसुद्धा तुझ्या अंगात नाही. उलट तूच तिथल्या झोपडपट्टीत रविवारी सुया टोचायला जातेस, तेही पदरचं भाडं घालून. आदिवासी दाखला जाईल म्हणून घाबरवावं म्हटलं, तर मोर्चाच्या वकिलानं सांगितलं, दाखला जात नाही. म्हणजे तुला काही मिळत नाही आणि तुझं काही जातही नाही. मैना, हे तर जास्तच वाईट. विकत गेलेल्या माणसाशी वाद घालता येतो, दर विचारता येतो. काहीच न घेता जो जातो, त्याला कोणत्या तोंडानं अडवायचं?

मग महिन्याभरापूर्वी आपल्या ओट्यावर दोन पाहुणे आले. नाशिकहून, चांगल्या गाडीतून, कपाळाला गंध. तुझं नाव त्यांना कोणी सांगितलं, देव जाणे. (हे लिहिण्यापुरतं म्हणतो.) गुजरातेतल्या डांगात अठ्ठ्याण्णवच्या नाताळात चर्च जाळली गेली तेव्हापासून असे पाहुणे सीमेच्या अलीकडंही येतात. फार गोड बोलले. काका, तुमची पोर फसली, आदिवासी पोरी भोळ्या असतात, त्यांना काय कळतं, तुम्ही फक्त हो म्हणा, आम्ही तिला परत आणतो. आणि मी मान हलवत होतो! हलवता हलवता लक्षात आलं की 'भोळी आहे, तिला काय कळतं' हे वाक्य चार दिवसांपूर्वी मीच कमिटीत बोललो होतो. शब्दाला शब्द तेच. माझ्या तोंडातलं वाक्य यांच्या तोंडात गेलं कसं, की यांचंच माझ्या तोंडात आलं होतं? तिथं मला पहिल्यांदा स्वतःचीच शंका आली. मी उठलो आणि ओरडलो, "भोळी? माझी पोर भोळी नाय! एवढीशी व्हती तवा फौजदाराला चकवलंय तिनं!" त्यांनी विचारलं, ती काय गोष्ट? ती गोष्ट अशी ओट्यावर सांगायची नाही. त्यांना चहा न देता वाटेला लावलं. तुझी आई म्हणाली, बरं केलं, दूध नव्हतंच.

कमिटीचंही सांगतो. तू पार्टीचं सभासदत्व सोडणार नाहीस असं लिहिलंस, ते मी बैठकीत वाचलं. दोन्हीकडं नाव कसं चालेल, यावर दुपार गेली. एकानं पुस्तक काढलं, एकानं विचारलं, उद्या फादरनं मत कोणाला द्यायचं ते सांगितलं तर? मलाही तेच विचारायचं होतं. शेवटी झुंबरबाई, जिनं तुला मोर्चात पहिली घोषणा द्यायला शिकवलं, ती तंबाखू थुंकून आली आणि म्हणाली, "वाघबारशीला वाघदेवापुढं कोंबडं कोण कोण कापतो त्यांनी हात वर करा." एकही हात वर गेला नाही, पण कोणी वरही बघेना. "कणसरीला पयला दाणा घातल्याबिगर खळं कोण उचलतो? आपले देव बावट्याला चालतात, तिचाच का आडवा येतो?" सेक्रेटरीनं विषय पुढच्या बैठकीवर टाकला. म्हणजे तुझं नाव अजून आहे. माझी शंका मात्र झुंबरबाईच्या युक्तिवादानं गेली नाही. वाघदेव कोंबडं घेतो आणि जंगलात निघून जातो. तुझा देव राहायला येतो, असं तूच लिहिलंस.

आता तू जे कारण लिहिलंस त्याबद्दल. ते मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि दर वेळी घडी घालून ठेवलं. लहानू तुझ्याच वॉर्डात गेला. आम्ही सगळे येऊन भेटून गेलो होतो, पण शेवटच्या सकाळी जवळ तूच होतीस. आपली प्रत्येक बैठक ज्या वाक्यानं तो संपवायचा, तेच त्यानं तुला विचारलं, "मैना, पुढचा कार्यक्रम काय?" आणि तुझ्याकडं उत्तर नव्हतं. तू लिहितेस, बा, कोणाविरुद्ध उभं राहायचं ते मला पार्टीनं शिकवलं, पण मरणाऱ्या माणसाजवळ बसून काय सांगायचं ते शिकवलं नाही. शेजारच्या खाटेवरच्या रोग्याला भेटायला आलेल्या त्या म्हाताऱ्या सिस्टरनं त्याचा हात धरला आणि म्हणाली, कार्यक्रम आहे, घाबरू नका. बस, एवढंच. आणि लहानूनं मान हलवली. प्रथम मला वाटलं, बघा, शेवटच्या घटकेला त्यालाही गाठलं! मग वाटलं, तो मान हलवायचा तेव्हा त्याला पटलेलं असायचंच असं नाही, रेंजरपुढंही हलवायचा. पण खरं सांगतो, तिथं मी असतो तर मीही गप्पच राहिलो असतो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर आपल्या कोणत्याही पुस्तिकेत नाही. मी शोधलं.

इथपर्यंत आलो होतो. जाऊ दे म्हणायच्या बेतात होतो. तर गेल्या आठवड्यात कलेक्टर कचेरीत काम निघालं आणि पाय पुन्हा त्या चर्चकडं वळले. फाटकाशी फळा आहे. त्यावर खडूनं लिहिलेलं : 'पापनिवेदन – शनिवार सायंकाळी'. निवेदन म्हणजे काय ते मला विचार! निवेदनात सगळं लिहावं लागतं. कोण, कुठं, कधी, सोबत कोण होतं. मी चहावाल्याला विचारलं, "ह्याची पोच देतात का?" त्यानं आधी चहाचे पैसे मागितले. माझ्या डोळ्यांपुढं मात्र दुसरंच आलं. तू फादरपुढं त्या लाकडी पेटीत बसली आहेस आणि लहानपणापासूनची पापं आठवून आठवून सांगते आहेस. पहिलं पाप कोणतं सांगशील? खोटं बोलले. कधी? कोणाशी?

तुला ती दुपार आठवते का, हे मी कधी विचारलं नाही. आपल्या घरात ती कोणी बोलत नाही, कारण बोललेलं पसरतं. फॉरेस्टच्या ताब्यातली वरकस आपण सगळ्यांनी नांगरली होती आणि लहानूच्या नावानं वॉरंट होतं. धरून नेलेल्यांची काय गत व्हायची ते सगळ्या पाड्याला ठाऊक. तो आपल्या मोठ्या कणगीत बसला होता, वर नागलीचं सूप झाकलेलं. मी आणि तुझी आई रानात. फौजदार आला तेव्हा घरात तू एकटी, आठ वर्षांची. मी बांधावरून धावत आलो तो कुडाच्या मागंच थबकलो, कारण आत बोलणं चाललं होतं. त्यानं तुझ्या हातात बिस्किट ठेवलं आणि लाडानं विचारलं, लहानूकाका कुठं हाय गं? तुला कोणी काही शिकवून ठेवलं नव्हतं. मी तर नाहीच. तू त्याच्या डोळ्यांत बघून म्हणालीस, "पेठच्या बाजाराला गेला, मला रिबन आणणार हाय." रिबन! मला सुचलं नसतं. ती रिबन ऐकूनच तो उठला आणि जीप पेठकडं गेली. तू बिस्किट खाल्लं नाहीस. कणगीचं सूप सरकवून ते लहानूला दिलंस, त्यानं आतूनच त्याचे तुकडे केले आणि एकेक तुकडा तुझ्या-माझ्या हातावर ठेवला, आई रानातून आली तेव्हा तिच्याही. त्या दिवशी मला कळलं की माझ्या घरात एक माणूस तयार झाला आहे.

आणि हे तू पाप म्हणून लिहून देणार? मी फळ्यापुढून थेट फादरच्या दारात गेलो. तुमचे फादर संगमनेरकडचे, माझ्याहून काळे, बाप साखर कारखान्यावर मजूर. हे मला आवडलं नाही, कारण मी गोऱ्या माणसाची तयारी करून गेलो होतो. मी कोण ते सांगितलं आणि विचारलं, माझी पोर तुम्हाला निवेदनात काय काय सांगणार? ते हसले. म्हणाले, ऐकलेलं आम्ही मेलो तरी कोणाला सांगत नाही. लहानूही असंच म्हणायचा, म्हणून जरासा विश्वास बसला. जरासाच. मग म्हणाले, "पण तुम्ही उगाच काळजी करता. मैनाला आत्ता काही सांगायचंच नाही. स्नानसंस्काराच्या पाण्यानं आधीचं सगळं धुवून जातं." मी विचारलं, सगळं? "सगळं." मागचं काहीच राहत नाही? "डागसुद्धा नाही," असं ते आनंदानं म्हणाले, जणू माझ्या डोक्यावरचं ओझं उतरवत होते. मी नमस्कार करून बाहेर पडलो. पेठ नाक्यावर जीप भरेपर्यंत बसून होतो. इतके दिवस मी विचारत होतो की जाताना हे काय घेऊन जाणार. उत्तर मिळालं होतं.

तर आता विषय. मैना, तू जा. मी अडवत नाही, अडवायला माझ्याकडं उत्तर नाही आणि तुझ्या आईचीही ना नाही. पण शेवटी मी निवेदनं लिहिणारा माणूस, मागणी केल्याशिवाय उठणार नाही, आणि मागणी एकच आहे. त्या पाण्याखाली बाकी सगळं जाऊ दे. माझ्यावरचा राग असेल तो जाऊ दे, भांडणं जाऊ देत, आणखी जे काही असेल ते. त्या दुपारचं ते रिबनचं खोटं तेवढं धुवू नकोस. पाप असेल तर असू दे. त्या खोट्यावर एक माणूस पुढं कितीतरी वर्षं जगला आणि शेवटी तुझाच हात शोधत तुझ्याच वॉर्डात आला. मला तुझा फार अभिमान आहे, हे त्या दुपारीच सांगायला हवं होतं, तेव्हा बोलायची सोय नव्हती. फादर म्हणतील, सगळं म्हणजे सगळं, त्यात निवड नाही. तसं असेल तर मी रविवारी पहिल्या जीपनं येतो. आत येणार नाही, दाराशी उभा राहीन. आत जाण्याआधी माझ्याजवळ ये आणि तेवढं एक माझ्याकडं देऊन जा. माझ्यावर कोणी पाणी घालणार नाही, माझ्याकडं ते राहील. आईनं पंचा धुवून ठेवला आहे, तो घेऊन येतो. बाहेर आलीस की केस पुसून घे.

तुझाच,
बा